गिटार न वाजवणारा गिटारवाला : लिओ फेंडर

गिटारचा ॲम्प्लिफायर ऐन कार्यक्रमाच्या वेळी सुरूच झाला नाही, की आपण सगळे एकच ठरलेला उपाय करतो. स्विच चार-पाच वेळा वरखाली करायचा, प्लग हलवून बघायचा आणि शेवटी वरून एक थाप मारायची! एवढं करूनही दिवा लागला नाही तर ॲम्प गेला असं जाहीर करून मोकळं व्हायचं. पुढचा विचार करायचा तो इलेक्ट्रिशियनने, आपण तर इंजिनिअर होणार!

मित्रांनो, गिटारचा ॲम्प कसा असावा हे ज्याच्याकडून जग शिकलं, तो माणूस मात्र अशा गेलेल्या वस्तू उघडतच मोठा झाला. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. एक डोळा काचेचा होता. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, त्याला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. त्याचं नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जग त्याला लिओ फेंडर म्हणून ओळखतं.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात त्याच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. म्हणजे घर शेतकऱ्याचं. लहानपणीच गाठीच्या आजाराने त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि त्याजागी काचेचा डोळा बसवला. तेराव्या वर्षाच्या सुमारास गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करणाऱ्या एका नातेवाइकाने त्याला जुन्या सुट्या भागांनी भरलेलं एक खोकं पाठवलं. पुढे त्याच नातेवाइकाच्या दुकानात लिओने सुट्या भागांतून जोडलेला रेडिओ ऐकला. त्या रेडिओचा दणदणीत आवाज त्याच्या डोक्यात कायमचा बसला. घरी येऊन पोराने रेडिओ उघडायला सुरुवात केली. शाळेत असतानाच आजूबाजूच्यांचे रेडिओ दुरुस्त करून द्यायला लागला.

आता आपल्याला वाटेल की हा पुढे इलेक्ट्रॉनिक्सला गेला असेल. अजिबात नाही. १९२८ मध्ये शाळा संपल्यावर त्याने फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात अकाउंटिंग घेतलं! म्हणजे आपल्या भाषेत चक्क कॉमर्सवाला. इलेक्ट्रॉनिक्स तो शिकला ते पुस्तकं वाचून आणि हात काळे करून.

कॉलेजनंतर बर्फाच्या कंपनीत माल पोचवायचं काम केलं, मग तिथेच हिशेब लिहिले. याच काळात नाचगाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या एका बँडवाल्याने त्याच्याकडून लाउडस्पीकरचे संच बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थरशी लग्न झालं. पण तो काळ जागतिक मंदीचा. राज्याच्या हायवे खात्यातली हिशेबनिसाची नोकरी गेली. मग टायरच्या कंपनीत लागला, तर सहा महिन्यांत तिथल्या हिशेबनिसांवर कुऱ्हाड कोसळली आणि त्यात हाही गेला. प्लेसमेंटचं नाव काढलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. हातात एक डिप्लोमा, दोन गेलेल्या नोकऱ्या आणि घरी बायको, अशी त्याची अवस्था होती. १९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर उसने घेतले, नवराबायको फुलर्टनला परत आले आणि फेंडर रेडिओ सर्व्हिस नावाचं दुरुस्तीचं दुकान उघडलं.

दुकान हेच कॉलेज

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक फक्त एकच गोष्ट सांगतं: चालत नाही. बाकी सगळं वस्तूलाच विचारावं लागतं. शिवाय दुरुस्ती करणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी नवी वस्तू बनवणाऱ्याला सहसा दिसत नाही. कुठला भाग पुन्हा पुन्हा जातो, कुठला स्क्रू काढायला अर्धा तास लागतो, कुठली तार हादऱ्याने तुटते, हे त्याला तोंडपाठ असतं. लिओकडे रेडिओ यायचे, ग्रामोफोन यायचे, लाउडस्पीकर यायचे. तो संच बनवून विकायचा, भाड्यानेही द्यायचा. त्या भागात नाचाचे हॉल भरपूर होते. त्यामुळे हवाईयन पद्धतीची स्टील गिटार वाजवणारे वादक आपले बिघडलेले ॲम्प घेऊन त्याच्याकडे यायला लागले. रोज रात्री वाजवून पोट भरणारी ही माणसं होती. ॲम्प बंद पडला तर त्या रात्रीची कमाई बंद!

दुसऱ्या महायुद्धात काचेच्या डोळ्यामुळे लिओला सैन्यात घेतलं नाही. त्याच काळात डॉक कॉफमन हा वादक आणि कारागीर त्याला भेटला. दोघांनी मिळून के अँड एफ नावाने स्टील गिटार आणि त्यांच्याबरोबरचे छोटे ॲम्प बनवायला घेतले. १९४६ मध्ये कॉफमनला धंदा वाढवायची जोखीम नको वाटली, तो बाजूला झाला. लिओ थांबला नाही. फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी उभी राहिली ती इथून.

ॲम्प सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय?

लिओचे १९५० च्या दशकातले ॲम्प पाहिले की ते दुरुस्ती करणाऱ्याने बनवलेत हे लगेच कळतं. सुटकेसला लावतात तशा जाड कापडात मढवलेलं लाकडी खोकं आणि वरच्या बाजूला चकचकीत पट्टी. त्या पट्टीवरच स्विच, फ्यूज आणि छोटा लाल दिवा. हे का महत्त्वाचं, ते नीट समजून घेऊ, कारण व्हॉल्व्हचा कुठलाही ॲम्प सुरू होत नसेल तर शोध याच क्रमाने करायचा असतो.

पहिला पुरावा दिव्याचा. हा दिवा भिंतीतल्या विजेवर थेट लागत नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हच्या फिलामेंटसाठी सहा व्होल्टच्या आसपास पुरवठा निघतो, त्यावर तो लागतो. म्हणजे दिवा लागला, तर भिंतीतलं सॉकेट, वायर, फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरची पहिली बाजू हे सगळं एका फटक्यात निर्दोष सुटलं! तरीही आवाज नसेल तर स्टँडबाय स्विच, व्हॉल्व्ह किंवा स्पीकरच्या वायरकडे बघायचं. दिवा नाही, पण व्हॉल्व्ह तांबूस तापलेत, तर बिचारा दिवाच गेलाय. आणि दिवाही नाही, व्हॉल्व्हही थंड, तर मग भिंतीपासून सुरुवात. त्या सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. वायर बघा. आणि मग प्लग काढून ठेवून फ्यूज.

फ्यूज बाहेरच्या पट्टीवर असल्याने टोपी हाताने फिरवली की निघतो, ॲम्प उघडावा लागत नाही. डोळ्यांवर विश्वास न ठेवता मल्टीमीटर लावा, कारण काही फ्यूज अखंड दिसतात आणि तुटलेले असतात. फ्यूजची काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत कुठेतरी जबर शॉर्ट आहे असं धरून चाला. तार नुसतीच मधून सुटली असेल तर कदाचित ती वयाने गेली असेल. पॅनेलवर जितके ॲम्पिअर लिहिलेत तितकाच नवा फ्यूज टाकायचा. इथे हॉस्टेलवाल्यांना हात जोडून विनंती: सिगरेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची जाड तार गुंडाळून फ्यूज बनवू नका. त्याने ॲम्प सुरू होईलही, पण नंतर पन्नास रुपयांच्या आतली वस्तू वाचवण्यासाठी आपण सगळ्यात महाग ट्रान्सफॉर्मर जाळलेला असेल.

नवा फ्यूजही लगेच गेला तर? मग दोष एकेक करून वेगळा करायचा. रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह काढून परत बघा. आता फ्यूज टिकला, तर गडबड त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे, म्हणजे फिल्टर कपॅसिटरमध्ये किंवा पॉवर व्हॉल्व्हमध्ये आहे. सगळे व्हॉल्व्ह काढूनही फ्यूज उडतोय, तर संशय ट्रान्सफॉर्मरवर आणि वायरिंगवर. आपल्या लॅबमधला सिरीज बोर्ड अशा वेळी फार उपयोगी पडतो. शंभर वॉटचा साधा बल्ब ॲम्पच्या सिरीजमध्ये लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळतच राहिला तर आत शॉर्ट. फ्यूजचा खर्च शून्य!

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवा. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधल्या फिल्टर कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिथे राहू शकतो. बंद ॲम्प म्हणजे सुरक्षित ॲम्प नव्हे. फ्यूजपर्यंत तुम्ही जा. खोकं उघडायचं असेल तर सर किंवा लॅब असिस्टंट शेजारी हवेत, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करायचा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही.

आपल्याकडे अजून एक खास कारण असतं. अमेरिकेहून कुणाच्या तरी भावाने आणलेला ॲम्प तिथल्या १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट खुपसला, की नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज जातो. म्हणून मागची पाटी आधी वाचायची, आणि स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर नसेल तर प्लगला हात लावायचा नाही.

उघडता येईल अशी वस्तू

आता परत लिओकडे. फ्यूज आणि दिवा बाहेर ठेवणारे इतरही होते. लिओची खासियत पुढे दिसते. त्याच्या या ॲम्पची मागची फळी काही स्क्रू काढून उघडली, की सगळं सर्किट समोर. एका फायबरच्या पट्टीवर रेझिस्टर आणि कपॅसिटर ओळीने बसवलेले, जणू वर्गात रोल नंबरप्रमाणे पोरं बसवलीत! कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जागी लावायचा याचा कागद खोक्याच्या आत चिकटवलेला. भाग कुठे बसतात त्याचे कंपनीने काढलेले नकाशे आजही दुरुस्तीवाले वापरतात. सर्किटं काही आकाशातून पडलेली नव्हती. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तकांत छापलेल्या सर्किटांवरून ती पुढे नेलेली होती. पण ती मांडायची कशी, हे मात्र लिओने टेबलावर बसून ठरवलं. हे ॲम्प हाताने जोडले जायचे आणि काही ॲम्पच्या आत जोडणाऱ्या बाईचं नाव लिहिलेली कागदी चिकटपट्टी अजून सापडते. बनवणाऱ्याचं नाव आणि दुरुस्तीची सोय, दोन्ही एकाच खोक्यात!

सगळंच आदर्श होतं असं नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे या ॲम्पना दोन पिनांची वायर असायची आणि मेनपासून चासीपर्यंत एक छोटा कपॅसिटर जोडलेला असायचा. तो खराब झाला तर चासीत आणि तिथून गिटारच्या तारांत करंट येऊ शकतो. म्हणून जुना ॲम्प हाती आला की जाणकार आधी तीन पिनांची वायर लावून अर्थिंग करतात. तेव्हा इस्त्रीच्या प्लगची तिसरी पिन तोडून बसवणाऱ्यांनी निदान गिटारच्या बाबतीत ही कला दाखवू नये.

गिटारमध्येही त्याने हीच दृष्टी ठेवली. त्याआधी गिटारची मान धडाला चिकटवलेली असे, मोडली तर मोठं काम. लिओने १९५० मध्ये सपाट लाकडी फळीसारखं धड घेऊन त्याला मान चार स्क्रूंनी जोडली. मान खराब झाली? काढा, दुसरी लावा. हीच गिटार नाव बदलत बदलत १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली. त्याच वर्षी प्रिसिजन बास आला. मोठ्या उभ्या बासशी झगडणाऱ्या वादकांना हातात धरून वाजवता येईल असं वाद्य मिळालं. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली, जिचा आकार आज गिटार न ओळखणाऱ्यालाही ओळखता येतो.

स्वतःला वाजवता येत नसल्याने लिओ प्रत्येक नवा नमुना वादकांच्या हातात द्यायचा आणि ते काय कुरकुर करतात ते ऐकायचा. जॉर्ज फुलर्टन आणि फ्रेडी टव्हारेस हे त्याचे साथीदार दोघंही वाजवणारे. १९६० च्या सुमारास डिक डेल नावाचा तरुण वादक इतक्या जोरात वाजवायचा की ॲम्प आणि स्पीकर जळायचे. दुसऱ्या कुठल्या कंपनीने त्यालाच आवाज कमी करायला सांगितला असता. लिओने प्रत्येक जळलेल्या ॲम्पला प्रश्नपत्रिका समजून सोडवलं आणि त्यातून जास्त ताकदीचा शोमन ॲम्प आणि त्याला पेलणारे स्पीकर आले. तिकडे इंग्लंडमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जो पहिला मार्शल ॲम्प बनला, तोही फेंडरच्या बासमन ॲम्पच्या सर्किटवरून. म्हणजे पुढे रॉकमधले दोन मोठे आवाज एकाच नकाशातून निघाले.

विकलेलं नाव, राखलेलं टेबल

१९५० च्या दशकातच लिओला सायनसच्या इन्फेक्शनने गाठलं. ते बरं होईना. आपण फार जगत नाही असं त्याला वाटू लागलं. जानेवारी १९६५ मध्ये त्याने १ कोटी ३० लाख डॉलरना कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला विकली. पुढे काही वर्षांत योग्य औषध मिळालं आणि तो ठणठणीत बरा झाला! पण कंपनी गेली होती, आणि स्वतःचं आडनावही तिच्याबरोबर गेलं होतं.

नव्या मालकांनी १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे ॲम्प बाजारात आणायचं ठरवलं. ट्रान्झिस्टर वाईट नव्हताच. पण ते ॲम्प पुरेसे पक्के झालेले नव्हते. कारखान्याचा जुना व्यवस्थापक फॉरेस्ट व्हाइट याला ते पटेना. असा माल बनवण्यावर सही करण्यापेक्षा त्याने नोकरी सोडली. ते ॲम्प खरोखरच बिघडत राहिले आणि काही वर्षांत बंद करावे लागले. कागदावर अधिक आधुनिक असलेली वस्तू स्टेजवर सुरू झाली नाही, तर वादकाच्या दृष्टीने तिची किंमत शून्य. हा धडा एका मोठ्या कंपनीला महागात शिकावा लागला. दुकानातल्या लिओला तो १९३८ पासून माहीत होता.

लिओ मात्र पुन्हा टेबलाशी बसला. फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांच्या कंपनीत तो आधी मागे राहून आणि १९७५ पासून उघडपणे अध्यक्ष म्हणून काम करू लागला. हीच म्युझिक मॅन. तिचे ॲम्प बघण्यासारखे आहेत: पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि ताकदीचा भाग व्हॉल्व्हचा. म्हणजे नव्याशी भांडण नाही आणि जुन्याची आंधळी भक्तीही नाही. १९७९ मध्ये एस्थर गेली. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने जी अँड एल ही तिसरी कंपनी काढली. वय सत्तर! दुसरं लग्नही १९८० मध्ये केलं.

शेवटच्या वर्षांत त्याला पार्किन्सनने ग्रासलं होतं. ज्या हातांनी एवढं सोल्डरिंग केलं ते हात थरथरायला लागले. तरी तो कारखान्यात येत राहिला, मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत. २१ मार्च १९९१ रोजी लिओ गेला. दुसऱ्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, ज्याला गिटारवर एक गाणंही वाजवता येत नव्हतं अशा माणसाचं!

आपल्याला चार वर्षं वस्तू कशी चालते ते शिकवतात. ती बंद कशी पडते हे सिलॅबसमध्ये फारसं नसतं, आणि व्हायवाला कुणी विचारतही नाही. लिओचं सगळं शिक्षण याच न विचारलेल्या प्रश्नात झालं. आपण बनवलेलं यंत्र एक दिवस बिघडणार, तेव्हा ते कुणातरी अनोळखी माणसाच्या टेबलावर येणार आणि त्याच्याकडे वेळ कमी असणार, हे त्याने आधीच मान्य केलं. म्हणून फ्यूज बाहेर आला, कागद आत चिकटला आणि मानेला चार स्क्रू आले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे त्याचे ॲम्प आजही दुरुस्त होऊन वाजताहेत ते याच कारणाने.

तेव्हा यंदाच्या प्रोजेक्टला फक्त डेमोपुरता चालणारा डबा बनवू नका. त्याचं झाकण स्क्रूने लावा, फेव्हिक्विकने नको. फ्यूज हाताला लागेल असा ठेवा आणि सर्किटचा कागद आतून चिकटवा. पुढच्या वर्षी ज्युनियर तो उघडेल, तेव्हा तुमचं नाव चांगल्या अर्थाने घेईल!